बंद करायचा राहिलेला टॅग: वेबने चुका पोटात घातल्या, त्याचा इतिहास

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना विभागाच्या वेबपानावर सूचना चढवायचं काम माझ्याकडे आलं. काम सोपं होतं. कोणीतरी वर्डमध्ये टाइप केलेली सूचना पाठवायचं, मी ती कॉपी करून पानावर चिकटवायचो. एका सकाळी शिष्यवृत्तीची सूचना चिकटवली आणि चहाला गेलो. परत येऊन बघतो तर त्या सूचनेखालचं सगळं ठळक अक्षरांत. ग्रंथालयाची वेळ ठळक, परीक्षेच्या फॉर्मची मुदत ठळक, अगदी तळाचा विभागाचा पत्तासुद्धा ठळक. शिवाय सूचनेतला तक्ता इतका रुंद की मोबाइलवर पान डावी-उजवीकडे सरकवत वाचावं लागत होतं. तासाभरात ग्रंथालयातून फोन आला, "आमची वेळ एवढी ओरडून का सांगताय?"

चूक एवढीच होती की ठळक अक्षरं सुरू करणारा टॅग आला होता आणि ती थांबवणारा टॅग चिकटवताना गळला होता. (टॅग म्हणजे मजकुराच्या आधी आणि नंतर लावायची खूण: इथून ठळक, इथपर्यंत ठळक.) तो बंद केला, तक्त्याची रुंदी कमी केली आणि पान ताळ्यावर आलं. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. चुकीचा मजकूर असूनही पान दिसलं कसं? बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत एक कंस बंद करायचा राहिला तर प्रोग्रॅम चालतच नाही. इथे ब्राउझरने तक्रार केली नाही, आपल्या मनाने अर्थ लावला, आणि एकाच्या चुकीचा त्रास खालच्या सगळ्या निर्दोष सूचनांना झाला. चूक माफ करायची, हे कोणी ठरवलं? कधी ठरवलं? आणि माफ केलेल्या चुकीचा भार शेवटी कोणावर पडला?

आज माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण याच प्रश्नांभोवती आहे. पेट किंवा नेटची तयारी करणाऱ्या, संशोधन प्रस्ताव लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींसाठी त्यातला मुख्य धागा इथे मांडतोय. तंत्रज्ञानातलं काही येत नसलं तरी चालेल. शेवटी आपण बोलणार आहोत ते साधनं कशी वाचायची याबद्दलच.

उदारपणाचा नियम

गोष्ट वेबच्या आधी सुरू होते. १९८० साली इंटरनेटचे संगणक एकमेकांशी कसं बोलतील याचे नियम लिहिताना जॉन पोस्टेल यांनी एक सर्वसाधारण तत्त्व नोंदवलं. त्याचा आशय असा: स्वतः पाठवताना नियम काटेकोर पाळा, दुसऱ्याकडून आलेलं मात्र उदारपणे समजून घ्या. पुढे हे 'पोस्टेलचा नियम' म्हणून प्रसिद्ध झालं. त्या काळात ते शहाणपणाचंच होतं. वेगवेगळ्या संस्थांतले, वेगवेगळ्या बनावटीचे संगणक एकमेकांना जोडायचे होते. समोरच्याच्या बारीकसारीक चुकीवरून संवाद तोडत बसलं असतं तर जाळं उभंच राहिलं नसतं.

मार्च १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत आपला पहिला प्रस्ताव मांडला आणि १९९० च्या अखेरीस वेब प्रत्यक्ष चालू झालं. पानं लिहिण्यासाठी त्यांनी एचटीएमएल ही खुणांची भाषा केली. तिचं बाह्यरूप घेतलं एसजीएमएलकडून. एसजीएमएल हे १९८६ सालचं आंतरराष्ट्रीय मानक, कागदपत्रांची रचना सांगणारं आणि शिस्तीचं.

आता एक तपशील लक्षात ठेवा, पुढे तो उपयोगी पडणार आहे. बर्नर्स-ली यांचा पहिला ब्राउझर हा नुसता वाचायचा नव्हता, त्यातच पान लिहिता आणि बदलताही येत होतं. म्हणजे खुणा यंत्राने लावायच्या, माणसाने फक्त मजकूर लिहायचा, अशी मूळ कल्पना. पण तो ब्राउझर नेक्स्ट नावाच्या महागड्या आणि मोजक्या संगणकांवर चालायचा. सर्वसामान्यांपर्यंत वेब नेलं ते १९९३ मध्ये आलेल्या मोझॅकने. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या सुपरकंप्युटिंग केंद्रात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी तो तयार केला होता. मोझॅकमध्ये पान वाचता येई, लिहिता येत नसे. मग लोकांनी काय केलं? दुसऱ्याचं पान उघडायचं, त्याचा स्रोत बघायचा, कॉपी करायचा आणि आपल्या मजकुराला तशाच खुणा हाताने लावायच्या. भाषेचं व्याकरण फारच थोड्यांनी वाचलं. बाकीचे ऐकून ऐकून शिकले.

आणि ऐकून शिकलेल्याची परीक्षा कोण घेणार? ब्राउझर. पान दिसलं की लिहिणारा समजायचा, बरोबर आहे.

दोन ब्राउझरांची शर्यत

डिसेंबर १९९४ मध्ये नेटस्केप नॅव्हिगेटर आला, ऑगस्ट १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोरर. नोव्हेंबर १९९५ मध्ये एचटीएमएलची दुसरी आवृत्ती रीतसर दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध झाली. अनोळखी टॅग दिसला तर ब्राउझरने काय करावं, एवढं त्यात सांगितलं होतं: टॅगकडे दुर्लक्ष करायचं. पण ओळखीचेच टॅग चुकीच्या क्रमाने आले तर, किंवा एखादा बंद करायचा राहिला तर नेमकं काय करायचं, याची सविस्तर रीत लिहिलेली नव्हती. मानक बरोबर मजकुराबद्दल बोलत होतं. प्रत्यक्षातली पानं मात्र चुकांनी भरलेली होती.

मग प्रत्येक ब्राउझरने आपापली रीत बसवली. एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. त्या काळी पानाची मांडणी करायला तक्ता वापरायचे: डाव्या रकान्यात यादी, मधल्यात मजकूर, उजवीकडे जाहिरात, आणि हे सगळं एका मोठ्या तक्त्याच्या पोटात. नेटस्केपच्या चौथ्या आवृत्तीत तक्ता बंद करणारा टॅग राहिला तर तो तक्ता दिसतच नसे. म्हणजे अख्खं पान कोरं. तेच पान एक्स्प्लोररमध्ये उघडलं तर व्यवस्थित दिसायचं, कारण तिथे ब्राउझर स्वतःच तक्ता बंद झाल्याचं गृहीत धरायचा.

आता सामान्य वाचकाच्या जागी उभे राहा. एका ब्राउझरमध्ये पान दिसतंय, दुसऱ्यात कोरं. तुम्ही दोष कोणाला द्याल? पान लिहिणाऱ्याला कोणी देत नाही. तुम्ही म्हणाल, "हा ब्राउझरच बेकार आहे." म्हणजे नियम पाळणाऱ्या ब्राउझरचे ग्राहक जाणार आणि चुका पोटात घालणाऱ्याचे वाढणार. दर वेळी जास्त क्षमाशील असणं ही धंद्याची गरज झाली. अशा मोडक्या-तोडक्या मजकुराला पुढे 'टॅग सूप' हे नाव पडलं. पोस्टेलच्या नियमाचा पहिला अर्धा भाग, स्वतः काटेकोर राहा, हा सगळे विसरले. दुसरा अर्धा तेवढा उरला.

रुंदीच्या बाबतीतही असंच झालं. डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएस, म्हणजे मांडणी सांगणारी वेगळी भाषा, मानक म्हणून आली आणि हळूहळू लोक तक्ते सोडून तिच्याकडे वळले. तिच्यात रकान्याची रुंदी ठरवून देता येते. पण कोणी त्या रकान्यात मध्ये एकही मोकळी जागा नसलेला लांबलचक पत्ता चिकटवला, किंवा दोन हजार बिंदू रुंदीचा फोटो टाकला, तर? नियमानुसार रकान्याने आपली रुंदी सोडायची नाही, मजकूर बाहेर सांडला तर सांडू द्यायचा. इंटरनेट एक्स्प्लोररची २००१ सालची सहावी आवृत्ती मात्र रकानाच ताणून मोठा करायची. मग शेजारच्या रकान्याला जागा उरत नसे आणि तो सगळ्या मजकुराच्या खाली जाऊन पडे. एकात मजकूर शेजाऱ्याच्या अंगावर चढतोय, दुसऱ्यात शेजारीच घराबाहेर. आणि ज्याने तो पत्ता चिकटवला त्याला यातलं काही ठाऊकही नसायचं. लांबलचक शब्द मध्येच तोडण्याची सोय आधी मायक्रोसॉफ्टने आपल्यापुरती केली होती. ती बऱ्याच काळाने वेगळ्या नावाने सर्वमान्य मानकात आली.

ड्रेकोचा कायदा

हा गोंधळ बघून काही जणांनी ठरवलं की आता शिस्त लावायची. फेब्रुवारी १९९८ मध्ये एक्सएमएल हे मानक आलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की रचनेची चूक ही घातक चूक समजायची. ती सापडली की वाचणाऱ्या प्रोग्रॅमने तिथेच थांबायचं, पुढचा अंदाज बांधायचा नाही. हे ठरताना १९९७ मध्ये समितीत जोरदार वाद झाला होता आणि या धोरणाला 'ड्रेकोनियन' असं नाव पडलं. ड्रेको हा इसवी सनापूर्वी सातव्या शतकातला अथेन्सचा कायदेकार. लहानमोठ्या गुन्ह्यांना सरसकट कठोर शिक्षा देण्यासाठी त्याचं नाव आजही घेतलं जातं.

जानेवारी २००० मध्ये डब्ल्यूथ्रीसी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने एचटीएमएलला याच शिस्तीत बसवलं: एक्सएचटीएमएल. आता प्रत्येक टॅग बंद झालाच पाहिजे, एकात एक नीट बसलाच पाहिजे. त्या काळच्या वेब डिझाइनच्या पुस्तकांत हाच भविष्यकाळ म्हणून सांगितला जायचा.

प्रत्यक्षात काय झालं? इथे मी तुम्हाला थांबवतो. समजा, पुढे एखादा अभ्यासक २००० ते २००८ या काळातली पानं तपासतोय आणि त्यातल्या असंख्य पानांच्या पहिल्या ओळीत 'हे एक्सएचटीएमएल आहे' अशी घोषणा आहे. तो काय निष्कर्ष काढेल? शिस्त आली! पण ती घोषणा बहुतेक वेळा नावापुरतीच होती. इंटरनेट एक्स्प्लोररला खऱ्या एक्सएचटीएमएलचा प्रकार २०११ च्या नवव्या आवृत्तीपर्यंत समजतच नव्हता. त्यामुळे सर्व्हर ती पानं ब्राउझरला साधं एचटीएमएल म्हणूनच पाठवायचे, आणि ब्राउझर जुन्याच क्षमाशील पद्धतीने वाचायचे. पाटी नवी, दुकान जुनं.

ज्यांनी खरोखर कडक पद्धतीने पानं पाठवली त्यांना वेगळाच अनुभव आला. एक चूक झाली की फायरफॉक्समध्ये पानाऐवजी पिवळ्या रंगाची त्रुटीची पाटी. स्वतः लिहिलेल्या पानावर हे एक वेळ परवडेल. पण ज्या पानावर दहा लोक लिहितात तिथे? एकाने चुकीचं अक्षर चिकटवलं की उरलेल्या नऊ जणांचं लिखाणही दिसेनासं होणार. आणि ही शिक्षा भोगणार कोण? वाचक. त्याने तर काहीच केलेलं नाही, तो फक्त वाचायला आलाय. चूक एकाची आणि शिक्षा तिसऱ्यालाच, हा कडक कायद्यातला मूळ दोष होता.

चुकांची नोंदवही

जून २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे डब्ल्यूथ्रीसीची एक कार्यशाळा झाली. मोझिला आणि ओपेरा या दोन ब्राउझरांच्या लोकांनी तिथे एक टिपण मांडलं. चूक झाली तर ब्राउझरने नेमकं काय करायचं हे मानकातच लिहून काढा आणि लेखकाच्या चुकांची झळ वाचकाला लागू देऊ नका, असे मुद्दे त्यात होते. जुन्या एचटीएमएलच्या पायावरच पुढे बांधकाम करावं, हा त्यांचा आग्रह होता. मतदान झालं. ठराव ८ विरुद्ध १४ मतांनी पडला. काही दिवसांतच या मंडळींनी ॲपलमधल्या सहकाऱ्यांसह डब्ल्यूएचएटीडब्ल्यूजी नावाचा आपला वेगळा गट जाहीर केला.

त्या गटाचे संपादक इयन हिक्सन यांनी जे काम केलं ते मला इतिहासाचा विद्यार्थी म्हणून फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी पाने कशी असायला हवीत यापासून सुरुवात केली नाही, लोक काय लिहितात आणि ब्राउझर त्याचं काय करतात हे आधी पाहिलं. ठळक सुरू, तिरपं सुरू, ठळक बंद, तिरपं बंद, अशा आडव्यातिडव्या मजकुराचं वेगवेगळे ब्राउझर काय करतात याची तुलना त्यांनी २००२ मध्येच केली होती. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी निघाली. २००५ च्या अखेरीस, गूगलमध्ये असताना, त्यांनी एक अब्जाहून थोड्या जास्त पानांचा नमुना तपासला. लोक आपल्या मांडणीतल्या भागांना कोणती नावं देतात, हेही त्यात मोजलं. तळटीप, शीर्षभाग, दिशादर्शक यादी अशा अर्थांची नावं वरच्या क्रमांकांवर होती, आणि पुढे एचटीएमएल-५ मध्ये त्याच अर्थांचे नवे टॅग आले.

याच नोंदींतून पान वाचण्याची एक लांबलचक, पायरीपायरीची रीत तयार झाली. कितीही मोडका मजकूर असो, प्रत्येक ब्राउझरने त्याचा एकच अर्थ लावायचा. त्यातल्या दोन रीतींची नावं मजेदार आहेत. आडव्यातिडव्या टॅगांची सोडवणूक करणाऱ्या रीतीचं नाव 'दत्तक संस्था', कारण तिच्यात टॅगांना नवे आईबाप मिळतात. आणि तक्त्यात चुकीच्या जागी आलेल्या मजकुराला उचलून तक्त्याच्या आधी नेऊन ठेवण्याच्या रीतीला म्हणतात 'पालकत्व सोपवणं'. माझ्या सूचनेखालचं सगळं ठळक झालं ते याच नियमांमुळे. ब्राउझरने नियमानुसार हिशेब केला: ठळक थांबवायला कोणी सांगितलेलं नाही, म्हणजे ते पुढे चालू.

२००६ मध्ये खुद्द बर्नर्स-ली यांनी मान्य केलं की सगळ्या जगाला एका झटक्यात एक्सएमएलवर नेण्याचा प्रयत्न जमला नाही. २००९ मध्ये एक्सएचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीचं काम थांबवत असल्याचं डब्ल्यूथ्रीसीने जाहीर केलं. मार्च २०११ मध्ये आलेल्या फायरफॉक्स ४ ने पानं वाचायला ही नवी रीत घेतली आणि २८ ऑक्टोबर २०१४ रोजी एचटीएमएल-५ डब्ल्यूथ्रीसीचं अधिकृत मानक झालं. पडलेला ठराव दहा वर्षांनी मानक होऊन आला.

पण भार गेला कुठे?

इथपर्यंत गोष्ट गोड वाटते. क्षमाशील पक्ष जिंकला, सगळे सुखी. माझ्या प्रकरणाच्या पहिल्या मसुद्याचा शेवट असाच होता. मार्गदर्शक मॅडमनी समासात एकच ओळ लिहिली: "खर्च कुणी केला?" त्या एका ओळीमुळे अर्धं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं.

खर्चाचं एक उदाहरण ऑक्टोबर २००५ चं. मायस्पेस या संकेतस्थळावर लोकांना आपलं पान स्वतःच्या टॅगांनी सजवता येत असे. धोका नको म्हणून तिथली चाळणी 'जावास्क्रिप्ट' हा शब्द दिसला की काढून टाकायची. सॅमी कामकर या तरुणाने त्या शब्दाच्या मध्येच ओळ तोडली. चाळणीला दोन वेगळे तुकडे दिसले, तिने ते सोडले. काही ब्राउझरांनी मात्र उदारपणे ते तुकडे जोडून घेतले आणि आज्ञा चालवली. त्याचं पान बघणाऱ्याच्या पानावर तोच मजकूर आपोआप चिकटायचा, तिथून पुढच्याच्या. वीस तासांच्या आत दहा लाखांहून जास्त लोक त्यात सापडले आणि मायस्पेसला आपली सेवा थोडा वेळ बंद ठेवावी लागली. म्हणजे क्षमेचा खर्च सुरक्षेच्या खात्यात पडला होता. चाळणी लिहिणाऱ्याला आता नुसते नियम माहीत असून भागत नव्हतं. प्रत्येक ब्राउझर कोणकोणत्या चुका माफ करतो, तेही ओळखावं लागत होतं.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं आहे, कारण त्यात मराठी विकिपीडियाही येतो. विकिपीडियावर कोणीही लिहू शकतं, त्यामुळे चुकीचे टॅग येणारच. त्यासाठी तिथे बरीच वर्षं टायडी नावाचं एक अवजार लावलेलं होतं, मुळात डेव्ह रॅगेट यांनी केलेलं. लेखकाने काहीही लिहावं, वाचकापर्यंत जाण्याआधी टायडी ते गुपचूप नीटनेटकं करायचं. कोणी बारीक अक्षरं सुरू करणारा टॅग लावून, बंद करताना चुकून पुन्हा सुरू करणाराच लावला, तर टायडी समजून घ्यायचं की याला बंद करायचंय.

पण टायडी जुन्या एचटीएमएलच्या काळातलं होतं. जुलै २०१८ मध्ये विकिमीडियाच्या सगळ्या विकींवरून ते काढलं गेलं आणि एचटीएमएल-५ च्या रीतीने वाचणारं नवं अवजार आलं. नव्या रीतीत दोनदा सुरू केलेली बारीक अक्षरं म्हणजे बारीकहून बारीक. ज्या पानांवर ही चूक वारंवार झाली होती तिथे खाली जाल तसं अक्षर लहान लहान होत जायचं. कोणी आपल्या सहीला रंग दिला होता आणि टॅग बंद केला नव्हता, तर चर्चापानावर त्याचा रंग खालच्या सगळ्यांच्या लिखाणाला लागायचा. वर्षानुवर्षं झाकलेल्या चुका एकदम उघड्या पडणार होत्या.

म्हणून हा बदल घाईने केला नाही. २०१७ पासून एक तपासणारं अवजार प्रत्येक विकीवर अशा चुकांच्या याद्या करू लागलं आणि बदल होण्याआधी जिथे पान मोडण्याची जास्त शक्यता होती त्या चुका दुरुस्त करायला संपादकांना सांगितलं गेलं. हे काम केलं कोणी? स्वयंसेवकांनी. ज्यांनी त्या चुका केल्या होत्या त्यांतले कित्येक केव्हाच निघून गेले होते. चूक एकाची, झाकली दुसऱ्याने, आणि निस्तरली तिसऱ्याने, तीही दहा-दहा वर्षांनी. आजही कोणत्याही विकीवर, मराठी विकिपीडियावरसुद्धा, या लिंट त्रुटींच्या याद्या उघडून बघता येतात. दुरुस्ती अजून चालूच आहे.

इंटरनेटच्या मानककारांमध्येही आता फेरविचार झालाय. जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दस्तऐवजात पोस्टेलच्या नियमाची चिकित्सा आहे. त्याचा रोख असा की चुका निमूटपणे सोसत गेलं की त्या मुरतात, मग त्यांनाच नियमाचं वजन येतं आणि नव्याने येणाऱ्याला त्या शिकून घ्याव्या लागतात. मार्ग म्हणून जी गोष्ट सुचवलीय ती साधी आहे: मानकं एकदा लिहून सोडून देऊ नका, त्यांची देखभाल करत राहा.

आपल्या कामाला यातून काय घ्यायचं

पहिली गोष्ट, नियमाचं पुस्तक आणि वहिवाट या दोन वेगळ्या साधनांना एक समजू नका. स्मृतिग्रंथ वाचून समाज तसाच वागत होता असं आपण म्हणत नाही. पेशव्यांच्या आज्ञापत्रात एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा मना केलेली दिसली की ती लोक करत होते, हे आपल्याला कळतं. मग मानकाचा दस्तऐवज वाचताना ही सावधगिरी का सोडायची? पानावर 'एक्सएचटीएमएल' असं लिहिलेलं असणं हा दावा आहे. तो पाळला गेला का, हे वेगळं तपासावं लागतं.

दुसरी गोष्ट थेट तुमच्या स्क्रीनशॉटांशी संबंधित आहे. वेबॅक मशीनवर १९९६ पासूनची जुनी पानं साठवलेली आहेत. तिथून १९९९ सालचं पान उघडलं, फोटो घेतला, प्रबंधात चिकटवला आणि खाली लिहिलं 'हे पान १९९९ मध्ये असं दिसत होतं'. थांबा! साठवलेला स्रोत १९९९ चा आहे, पण त्याचा अर्थ लावणारा ब्राउझर आजचा आहे. नेटस्केपमध्ये कोरं दिसलेलं पान आज तुम्हाला छान भरलेलं दिसेल. विकिपीडियाच्या इतिहासात जाऊन २००८ ची आवृत्ती उघडली तरी तेच. मजकूर त्या दिवशीचा असतो, पण तो तुमच्यासमोर मांडणारं अवजार आणि त्यातले साचे आजचे. त्या दिवशीच्या वाचकाने नेमकं हेच पाहिलं, असं त्यावरून म्हणता येत नाही. ज्यांना दिसण्याबद्दलच लिहायचंय त्यांच्यासाठी ओल्डवेब डॉट टुडे या नावाची सोय आहे. तिथे जुनं पान जुन्याच ब्राउझरच्या नकलेत उघडता येतं.

मराठी पानांवर काम करणाऱ्यांना हे फार लवकर भेटतं. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडची बरीच मराठी पानं खास फॉन्टवर अवलंबून होती. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर रोमन अक्षरांची खिचडी. आज संग्रहात ते पान उघडल्यावर दिसणारी खिचडी ही लेखकाची चूक नाही. तेव्हाच्या वाचकाकडे असलेली एक गोष्ट आपल्याकडे नाही, एवढंच. 'पान खराब आहे' म्हणून असं साधन बाजूला टाकू नका.

तिसरी गोष्ट मॅडमच्या त्या ओळीतली. तुमच्या विषयात कुठेही 'व्यवस्था सुरळीत चालत होती' असं वाक्य लिहायची वेळ आली तर विचारा, ती सुरळीत दिसावी म्हणून कोण राबत होतं? टायडीसारखं अवजार असेल, रात्री बसून टॅग बंद करणारा स्वयंसेवक असेल, किंवा कागदपत्रं नीट लावून ठेवणारा दफ्तरातला कारकून असेल. व्यवस्थेच्या इतिहासात अशांची नावं सहसा येत नाहीत. दुरुस्तीच्या नोंदींमध्ये मात्र ती सापडतात. विकिपीडियावर प्रत्येक दुरुस्तीची वेळ आणि करणाऱ्याचं सदस्यनाव नोंदलेलं असतं. दफ्तरखान्यात इतकं सुख नसतं.

पुढच्या लेखाआधी एक छोटा अभ्यास करून बघा. मराठी विकिपीडियावरचं जुनं, बरीच वर्दळ झालेलं एखादं चर्चापान उघडा. इतिहासात जाऊन फक्त टॅग बंद करण्यासाठी झालेले बदल शोधा. चूक कधी झाली, दुरुस्त कधी झाली आणि मधल्या काळात ती कोणाला दिसत होती, या तीन प्रश्नांची उत्तरं एका कागदावर लिहून काढा. अर्ध्या पानाचं टिपण होईल, पण प्रस्तावातला 'संशोधन पद्धती' हा भाग लिहिताना त्याचा आधार होईल. अडलं तर विचारा.

आणि हो, विभागाच्या पानावर चिकटवण्याआधी मी आता वर्डमधला मजकूर आधी साध्या नोटपॅडमध्ये टाकतो. ठळकपणा तिथे गळून जातो, मग हवा तेवढा हाताने लावतो. दोन मिनिटं जास्त लागतात, पण ग्रंथालयातून पुन्हा फोन आलेला नाही.